कोल्हापूरचा अनिकेत जाधव ब्लॅकबर्नला पोहोचला, पण खेळायचं का राहिलं?

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून निघून आंबा घाट चढला की तीन-चार तासांत कोल्हापूर येतं. हे गाव सगळ्यांना माहितीये ते कुस्तीमुळे. पण इथल्या तालमींच्या फुटबॉल टीमही आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल... यांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं आणि पेठापेठांत ईर्षा पेटते. याच शहरात २००० साली अनिकेत जाधवचा जन्म झाला. वडील रिक्षाचालक.

पोरगं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं आणि तिथून थेट २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये. पुरुष फुटबॉलमध्ये भारत पहिल्यांदाच फिफाच्या वर्ल्डकपमध्ये उतरत होता आणि पुढच्या फळीत अनिकेत होता. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. स्पर्धा तिथेच संपली. पण त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच याच वयोगटातल्या पोरांची इंडियन ॲरोज टीम आय-लीगमध्ये उतरली आणि पहिल्याच मॅचमध्ये तिने चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

२०१९ मध्ये जमशेदपूर एफसीकडे असताना तो तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. ब्लॅकबर्न म्हणजे १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीज ग्रुपने विकत घेतला. हो, तेच चिकनवाले. त्यानंतर क्लब २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली घसरला. अनिकेत गेला तेव्हा तो पुन्हा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये आला होता.

मालक पुण्याचे आणि खेळाडू कोल्हापूरचा, मग घ्यायला काय हरकत होती? अडचण वर्क परमिटची. परदेशी खेळाडूला इंग्लंडमध्ये परवाना देताना त्याच्या देशाचं फिफा रँकिंग आणि देशाकडून खेळलेल्या मॅचेस बघितल्या जातात. भारत तेव्हा शंभराच्या आसपास होता आणि अनिकेतची सीनियर टीममधली कारकीर्द सुरूही झाली नव्हती. याच भिंतीवर सुनील छेत्रीही आपटलाय. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याच्याशी करार केला होता, पण भारत पहिल्या ७० देशांत नाही म्हणून परमिट नाकारलं गेलं.

अनिकेत परत आला आणि पुढे हैदराबाद एफसीत गेला. २०२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता.

मग इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये कुणी भारतीय स्ट्रायकर खेळलाच नाही का? खेळला ना. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये तिसऱ्या पायरीवरच्या बरी एफसीत गेला आणि तीन वर्षं तिथे होता. पैशांच्या गोंधळात बुडालेल्या त्या बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अनिकेत ब्लॅकबर्नला गेला त्याच वर्षी.