‘कारण : गांजा’
१८९३ साली हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस व भांग यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजाने वेड लागते, या समजाचा मोठा आधार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी. आयोगाने १८९२ची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. ‘कारण’ हा रकाना पुष्कळदा पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून भरलेला आढळला. अनेक नोंदी टिकल्या नाहीत. ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून आयोगाने १८९४ मध्ये संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवली आणि परवाने व कर यांचा मार्ग सुचवला. अतिसेवनाचे अपाय मात्र नाकारले नाहीत. १९८५च्या कायद्याने गांजा-चरस निषिद्ध झाले, नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली. बंदी हवी की नियमन, हा वाद आजही चालू आहे. त्यात उतरण्यापूर्वी एवढेच विचारावे : समोरचा आकडा कोणी लिहिला, आणि कशावरून?