गळ आणि रजा

समुद्रकाठी सुट्टी घालवावी, बड्या माशाशी गळाच्या दोरीवर तासभर झुंजावे आणि हाती येताच त्याला सोडून द्यावे, असा एक हौशी खेळ आहे. धरायचा कशाला आणि सोडायचा कशाला, असे आमची कोळीण विचारील. पण या खेळाची खरी सामग्री गळ नव्हे, रजा होय.

मद्रास मुलकी खात्यातील हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली मंगळूरला हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथच छापला. पिसे गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर फेकणे ही साहेबांची आवडती विद्या. मायदेशच्या सामन माशाची त्यांना इतकी आठवण, की आपल्या रावसालाही त्यांनी 'हिंदी सामन' करून टाकले! वास्तविक दोघांचे नाते नाही. पुढे १८९८ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ चार्ल्स होल्डर यांनी १८३ पौंडांचा ट्यूना गळाने ओढला आणि त्याच वर्षी तेथे हौशी मंडळींचा क्लब निघाला.

आणि मुंबईचा गिरणीकामगार? त्याच्या चाळीपासून समुद्र हाकेवर होता. पण साधा रविवार मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले. तो १० जून १८९० रोजी मिळाला. पगारी रजेचा कायदा १९४५ चा, अंमल १९४६ पासून: वर्षाकाठी दहा दिवस. १९४८ च्या कायद्याने कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस ठरला.

ती रजा घेऊन कोकणातला गडी गावी जाई, खाडीवर गळ टाकून बसे. मासा मात्र सोडीत नसे. घरी कालवणाची वाट पाहत असत.