गिलासाचा हिवाळा

मोगल अमदानीपूर्वी काश्मीरच्या खोऱ्यात गोड चेरी नव्हती. इ. स. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर जिंकले आणि पुढे महंमद कुली अफशार याने काबूलहून हे झाड आणून तेथे रुजविले, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. दरबारी लेखनात हे फळ ‘शाहआलू’. काश्मिरी माणूस मात्र त्याला आजही ‘गिलास’च म्हणतो. (महाराष्ट्रात केकवर मिरवणारी तांबडी ‘चेरी’ पुष्कळदा पाकात मुरविलेले करवंद असते. सह्याद्रीच्या त्या रानमेव्याला थंडीचे एवढे सोवळे नाही!) काबूलप्रमाणेच श्रीनगरचा हिवाळाही दीर्घ, म्हणून हे परके झाड तेथे नांदले. पण त्या हिवाळ्याचे झाडाला काम काय?

थंडीने झाड केवळ थबकते व उबेने जागे होते, अशी सर्वसाधारण समजूत होती. अमेरिकेच्या कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. उबदार काचगृहात हिवाळा काढलेली ब्लूबेरीची झुडपे वसंतातही निद्रिस्त राहिली; उलट, झुडूप आत ठेवून त्याची एखादीच फांदी बाहेरच्या थंडीत राहू दिली, तर ती फांदी पालवली. प्रत्येक डोळ्याला स्वतःची थंडी स्वतःच भोगावी लागते, हे त्यातून दिसले.

मग बागाईतदार तास मोजू लागले. तापमान ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली असलेला प्रत्येक तास जमेस धरावयाचा, ही रीत पडली. ऑरेगॉनमध्ये १८७५ च्या सुमारास निपजलेली आणि आह बिंग या चिनी मुकादमाच्या नावाने ओळखली जाणारी ‘बिंग’ जात असे सुमारे हजार तास मागते. ते न मिळाल्यास डोळे मागेपुढे फुटतात, परागदात्या जातीच्या बहराशी मेळ बसत नाही आणि फळधारणा तुटपुंजी होते. कॅलिफोर्नियात २०१३-१४ चा हिवाळा उबदार गेला. २०१४ चा चेरीचा हंगाम तेथे फार वाईट ठरला.

तासांचा हा हिशेब ढोबळच होता. १९७४ मध्ये युटा राज्यातील संशोधकांनी तो सुधारला. त्यांच्या मते सुमारे अडीच ते नऊ अंशांची थंडी पूर्ण गुण मिळवून देते. गोठणबिंदूखालची थंडी काहीच देत नाही. आणि सोळा अंशांवरचा उबारा तर आधीची शिल्लकही खातो. म्हणूनच २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले, तेव्हा काश्मीरच्या गिलासाला थंडी कमी पडली की नाही, हे त्या उतारांवरून ठरणारे नव्हते. बर्फ वितळून मिळणाऱ्या पाण्याची चिंता खरीच. परंतु झाडाचा हिशेब खाली बागेत टांगलेल्या तापमापकात, रात्री-दिवसाच्या तासातासाने लिहिला जात होता.