कराबीन व पिस्तूल : उपजीव्य कोण, उपजीवक कोण?

ठासणीच्या बंदुकींच्या काळीं घोडेस्वाराची कराबीन व त्याचें पिस्तूल एकाच मापाचीं असलीं, तर दोहोंस गोळी एकच पुरे. दारू मात्र ज्यास सोसेल तितकी वेगळी घालतां येई. धातूच्या पुंगळीचें काडतूस आलें आणि ही मोकळीक संपली. गोळी व दारू यांचें लग्न कारखान्यांतच लागूं लागलें. मग दोन्ही हत्यारांस एकच काडतूस द्यावयाचें, तर तें मुळांत कोणासाठीं घडवावें? पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या कराबिनींची तुलना संग्राहक बहुधा नळीची लांबी व मॅगझिनांतील काडतुसांची संख्या यांवरून करतात. आमच्या मतें ती वरवरची होय. शास्त्रकारांच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर उपजीव्य कोण व उपजीवक कोण हें आधीं ठरविलें पाहिजे.

अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीची १८७३ ची बंदूक पाहूं. तिच्यासाठीं घडविलेल्या काडतुसांत ४० ग्रेन काळी दारू व २०० ग्रेन वजनाची गोळी असे. कोल्टचें सहाबारी पिस्तूल याच काडतुसासाठीं १८७८ पासून मिळूं लागलें. म्हणजे येथें बंदूक उपजीव्य व पिस्तूल उपजीवक. बंदुकींतून ही गोळी सेकंदास सुमारें १,२५० फूट वेगानें निघे; पिस्तुलाच्या आखूड नळींतून बरीच मंद. परंतु पिस्तूल जवळच्याच कामाचें असल्यामुळें हा तोटा सोसण्याजोगा होता, आणि कमरेच्या एकाच पट्ट्यांतील काडतुसें दोहोंस चालत, ही सोय विरळ वस्तीच्या मुलुखांत मोठी. या बंदुकी सात लक्षांहून अधिक तयार झाल्या. दोष होता तो बंदुकीचें मागचें तोंड बंद करण्याच्या रचनेंत. गुडघ्याप्रमाणें दुमडणाऱ्या सांध्यावर सारा भार. अधिक जबर काडतुसाचा धक्का त्यास पेलण्यासारखा नव्हता. जॉन ब्राउनिंग यानें तो सांधा टाकून उभ्या दोन अडसरांची योजना १८८६ च्या मोठ्या बंदुकींत केली व १८९२ च्या लहान बंदुकींत आणली. काडतूस तेंच, बंदूक मात्र बळकट. सुधारणा म्हणावी ती ही.

जर्मनींत क्रम उलटा. लूगर पिस्तुलाचें काडतूस आधीं ठरलेलें. १९०२ च्या सुमारास त्याच घडणीची, सुमारें ३०० मिलिमीटर नळीची कराबीन निघाली. तिचे हलणारे भाग जड. पिस्तुलाच्या काडतुसाचा जोर त्यांस पुरेना. तेव्हां तिच्यासाठीं अधिक दारूचीं काडतुसें करून ओळखीसाठीं त्यांच्या पुंगळ्या काळ्या केल्या. ज्या सोयीसाठीं हा खटाटोप, तीच बुडाली! पुढें १९१३ मध्यें सैन्यानें घेतलेल्या लांब लूगर पिस्तुलास लांकडी दस्ता जोडतां येई. त्याच्या नेम धरण्याच्या पट्टीवर ८०० मीटरपर्यंत आंकडे आहेत. त्या आशावादाचें कौतुक करावें तितकें थोडें.

या उपजीवक कराबिनींत शिकण्यासारखी, आणि चटका लावणारी, कथा स्मिथ अँड वेसन कंपनीच्या १९४० च्या हलक्या बंदुकीची. महायुद्ध पेटलेलें, ब्रिटनला हत्यारांची निकड, पैसे आगाऊ दिलेले. बंदुकीचें काम पाहावें तर घड्याळजीच्या हातचें. परंतु तिचें मागचें तोंड कोणत्याही अडसरानें बंद होत नसे. केवळ बोल्टाचें वजन व स्प्रिंग यांच्या बळावर तें धरलेलें. अमेरिकन काडतुसांच्या बेतानें केलेली ही बंदूक अधिक जोराच्या ब्रिटिश काडतुसांपुढें टिकली नाहीं. चाचणींत तिचे भाग तुटूं लागले. रिकाम्या पुंगळ्या मॅगझिनामागील रुंद पन्हळींतून खालीं पडत. सैनिक पालथा पडून बार काढीत असतां ती वाट जमिनीनेंच बुजण्याचें भय. एक हजाराच्या आसपास बंदुकी होऊन काम थांबलें, कंपनीनें पैशांची फेड रिव्हॉल्व्हर देऊन केली, आणि ब्रिटनला गेलेल्या बहुतेक बंदुकी नष्ट करण्यांत आल्या. बोल्ट क्षणभर रोखून धरणारी एखादी अडकण घातली असती व पुंगळीस उजव्या बाजूनें वाट दिली असती, तर हें सुबक काम वायां जातें ना, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

उत्सर्गास अपवाद असावयाचाच. त्याच महायुद्धांतील ब्रिटिश डी लायल कराबिनीनें कोल्ट पिस्तुलाचें .४५ काडतूस घेतलें, तें त्याच्या मंदपणासाठींच. गोळीचा वेग ध्वनीहून कमी असल्यामुळें नळीभोंवतालच्या सायलेन्सरनें आवाज जवळजवळ गिळला जाई. बोल्ट ली-एन्फील्ड बंदुकीचा, हातानें ओढावयाचा. म्हणून बारानंतर यंत्राचा खडखडाटही नाहीं. अशा कराबिनी दीडशेच्या आंतच झाल्या. पिस्तुलाचें उणें येथें तेवढें गुण ठरलें.

अलीकडील कराबिनींत मात्र १९४० चाच पेंच दिसतो. रुगर कंपनीच्या २०१७ च्या कराबिनींत बोल्टास जोड म्हणून टंगस्टनचें वजन बसविलें आहे, आणि भाग बदलून दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलाचें मॅगझिनही चालतें. ही दुसरी सोय आम्हांस मनापासून आवडली. पहिलीविषयीं इतकेंच म्हणतों, की वजन वाढवून धक्का थोपविणें हा ब्राउनिंगचा मार्ग नव्हे. त्याच्या त्या दोन अडसरांस जागा फार लागत नसे.