पत्ता तोच, माणूस कुठेही

फौजी माणसाला एक गोष्ट लवकर कळते: पत्ता म्हणजे ठिकाण नव्हे. ‘मार्फत ५६ एपीओ’ लिहिलं की पत्र बर्फात जाणार की वाळवंटात, हे घरच्यांना कळत नाही. पण ते पोहोचतं.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ईमेलची गत मात्र उलटी होती. डायल-अपने जोडायचं, टपाल घरच्या संगणकावर उतरवायचं. बहुधा सर्व्हरवरची प्रत पुसली जायची. म्हणजे बदली तुमची, आणि पत्रं पुण्याच्या टेबलावर!

ही गाठ ४ जुलै १९९६ला सुटली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांना कंपनीच्या नजरेआड एकमेकांना लिहायचं होतं. त्यातून ब्राउझरमध्ये उघडणारं हॉटमेल निघालं. नावातच एचटीएमएलची अक्षरं पेरलेली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं.

आमच्या पिढीला याचा अर्थ सायबर कॅफेत कळला. तेजपूरच्या बाजारात अर्ध्या तासाचे पैसे मोजायचे, पान उघडेपर्यंत श्वास रोखायचा. एकदा आईच्या वतीने धाकट्या बहिणीने रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं: बाबांचं ऑपरेशन नीट झालं, काळजी करू नकोस. आंतरदेशीय पत्राने हेच आठवड्याने कळलं असतं. उठताना ‘लॉग आउट’ दोनदा तपासायचो. त्या खुर्चीवर पुढे कोण बसेल, काय नेम?

ती मेल मी कॅफेवाल्याकडून छापून घेतली. बाबांच्या फाइलमध्ये अजून आहे, माझ्या आंतरदेशीय पत्रांशेजारी.