घरात राहून घराचा नकाशा : पवनार ते खोडद

१/ पवनार येथे धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम आहे. तेथील जमीन खणताना प्राचीन शिल्पे हाती आली. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादन केले, तर काही अभ्यासक तो मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खननही केले. ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिच्या पोटातील नगर ओळखणे इतके कठीण असते. आकाशगंगेचा आकार ओळखण्याचा इतिहासही असाच आहे.

२/ १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी निरनिराळ्या दिशांना दिसणारे तारे मोजून आकाशगंगेचा आराखडा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. मोजणी प्रामाणिक होती, पण ताऱ्यांमधील धूळ दूरचा प्रकाश अडवते हे तेव्हा ठाऊक नव्हते. धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला आपण मैदानाच्या मध्यावर आहोत असे वाटते, तसेच हे झाले.

३/ १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांची अंतरे मोजली. त्यांचा मेळावा सूर्याभोवती नसून धनू राशीच्या दिशेला आढळला. सूर्य केंद्रस्थानावरून ढळला. आज ते अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षे मानले जाते.

४/ आता गुरुत्वाकर्षणाकडे वळू. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, असे भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. हा वारसा थोर आहे. मात्र अंतराच्या वर्गानुसार घटणाऱ्या बलाचा नियम न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडला. दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगण्यात कोणाचेच उणे होत नाही.

५/ या नियमाने आकाशगंगेचे वजन करता येते. १९२७ मध्ये यान ऊर्ट यांनी ती फिरते हे ताऱ्यांच्या गतींवरून दाखवले. सूर्य सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो, तरीही एका प्रदक्षिणेला २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. त्याला कक्षेत धरून ठेवण्यासाठी आतल्या भागात सुमारे दहा हजार कोटी सूर्यांइतके वस्तुमान हवे.

६/ धुळीवर उपाय रेडिओ लहरींनी दिला. हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहर धुळीतून आरपार येते. १९५१ मध्ये ती प्रथम टिपली गेली आणि आकाशगंगेचे सर्पिल बाहू नकाशावर उमटू लागले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी हीच लहर ऐकू शकतात.

७/ पुढचा धक्का मोठा होता. केंद्रापासून दूर जाताना तारे मंदावतील अशी अपेक्षा होती. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना शेजारच्या देवयानी दीर्घिकेत तसे आढळले नाही. पुढे अनेक दीर्घिकांत, आपल्याही, हेच दिसले. म्हणजे बहुतांश वस्तुमान अदृश्य आहे. ते कशाचे बनले आहे, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

८/ ज्येष्ठातील निरभ्र, चांदणे नसलेल्या मध्यरात्री धामच्या काठावरून दक्षिणेकडे पाहावे. धनू राशीजवळ प्रकाशाचा पट्टा रुंदावतो. आपल्या घराचे मध्यघर त्याच दिशेला, धुळीपलीकडे आहे. पायाखालचे नगर आणि डोक्यावरचे घर, दोन्ही आपण खुणांवरूनच ओळखत आलो आहोत.