प्रकाशाक्षरे आणि डॉ. शंकर आबाजी भिसे

गेल्या श्रावणात हडपसर येथील औद्योगिक वसाहतीत आमच्या एका पुतण्याच्या कारखान्यात जाण्याचा योग आला. मांडव्याकडील एका लाँचसाठी दिव्यांचे नाव तयार होत होते. पत्र्याच्या कडा, दर्शनी बाजूस दुधी अ‍ॅक्रिलिक व आत बारा व्होल्टचे एलईडी दिवे, अशी ही अक्षरे. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा हिरव्या पडतात, म्हणून प्रत्येक जोड सिलिकोनने बुजविला होता. परंतु कारागिरांची खरी कसोटी पाहिली ती आपल्या बाळबोध लिपीने. इंग्रजी अक्षर म्हणजे एकेक सुटी पेटी. आपला शब्द मात्र शिरोरेषेने बांधलेला, म्हणून सबंध शब्दाची एकच पेटी करावी लागते. वेलांटीच्या बारीक वळणात दिवा बसत नाही व तेथे नेमकी काळी सावली पडते.

पुतण्या सहज म्हणाला, "काका, ही विद्या सगळी साहेबाची." आम्ही चाळीस वर्षे मुलांस इतिहास शिकविला, पण आपल्याच घरातील मुलास डॉ. शंकर आबाजी भिसे हे नाव ठाऊक नसावे, याचे आम्हांस वाईट वाटले. दोष त्याचा नव्हे, आमचाच.

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील हे संशोधक 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत जन्मले. जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची त्यांची कल्पना लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत इंग्रज स्पर्धकांस मागे टाकून पहिली आली. पुढे ते विलायतेस गेले. दादाभाई नौरोजींचा त्यांना मोठा आधार होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी विजेची जाहिरातपाटी मांडून दाखविली. विजेच्या पाट्यांचे ते आद्य जनक, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्मरणिकेत असा मोह फार होतो! न्यूयॉर्कमध्ये 1892 सालीच दिव्यांची मोठी पाटी झळकली होती. तथापि पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद यांनी निऑनच्या नळ्या जगास दाखविल्या त्या 1910 साली. भिसे यांची पाटी त्याच्या कित्येक वर्षे आधीची.

त्यांचे मन खरे गुंतले ते छापखान्याच्या अक्षरांत. मिनिटास सुमारे 1200 खिळे पाडील असे 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी योजिले. भांडवल उभारण्याचे आश्वासन इंग्रज समाजवादी नेते हिंडमन यांनी दिले होते. ते काही उभे राहिले नाही. 1908 च्या अखेरीस सर्व गुंडाळून भिसे मुंबईच्या बोटीत बसले. दैवयोग असा की, त्याच बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली, आणि गोखल्यांच्या शब्दावरून रतन टाटा यांनी या कामी पैसा घातला. तोही उद्योग टिकला नाही. अखेर भिसे अमेरिकेत स्थायिक झाले व 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. बुद्धी कमी पडली नाही. वेळेवर भांडवल मिळाले नाही. ज्ञातीच्या निधीतून शिष्यवृत्त्या दिल्या जातात हे उत्तमच. परंतु यंत्र घडवू पाहणाऱ्या मुलास कर्जाऊ रक्कम देण्याची सोय आपल्याकडे का असू नये?

असो. पुतण्याने हे सारे हात थांबवून ऐकले. तेवढ्यात आमचे लक्ष दिव्यांच्या खोक्याकडे गेले. नाळेच्या दोन्ही बाजूंस लाल अक्षरे लावण्याचा गिऱ्हाइकाचा बेत होता! रात्री नौकेच्या डाव्या अंगास लाल व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो आणि त्यावरून समोरचा तांडेल तिची दिशा ओळखतो. या दिव्यांशी घोटाळा होईल असा दुसरा दिवा चालत्या नौकेवर असू नये, असा 1972 चा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उजव्या अंगास लाल नाव पेटले तर समोरच्याने काय समजावे? नुसत्या रंगविलेल्या नावाचे तसे नाही. 1894 च्या ब्रिटिश कायद्याने गडद पाटीवर पांढरी वा पिवळी किंवा फिक्या पाटीवर काळी, निदान चार इंच उंचीची अक्षरे सांगितली होती. ती कोणास फसवीत नाहीत.

पुतण्याने तेथूनच गिऱ्हाइकास फोन लावला. लाल दिवे परत गेले. आता अक्षरे पिवळसर आहेत व त्यांची कळ निराळी ठेविली आहे. लाँच धक्क्यास लागली म्हणजेच ती दाबावयाची, असे कळीखाली मराठीत लिहून दिले आहे. ते अक्षर आमच्या हातचे.